८३ हजार किलोमीटर झालेली मल्टीस्ट्राडा एन्ड्युरो विकायची आहे: डेस्मो सर्व्हिस करून देऊ की तशीच?

लांबपल्ला

माझी २०१६ची डुकाटी मल्टीस्ट्राडा १२०० एन्ड्युरो विकायला काढते आहे. नवी घेतल्यापासून माझ्याकडेच आहे, ओडोमीटर ८३ हजारांच्या पुढे गेलाय. जुनी गाडी देऊन नवी घ्या, असं सांगणारे भेटले, पण ते फक्त आकडा बघतात आणि तोंड वाकडं करतात. मला ती चालवणाऱ्याच्या हाती द्यायची आहे, म्हणून इथे विचारते.

का विकतेस, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. मूळ सीट ८७० मिलिमीटर उंच, टाकी ३० लिटरची आणि सगळं भरून वजन अडीचशे किलोच्या वर. चालती असते तेव्हा हे वजन कुठे जातं कळत नाही. पण टाकी काठोकाठ भरलेली, पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) लावलेले, जमीन एका बाजूला उतरती आणि थांबायचं असेल, तर सगळा भार एका पायावर येतो. माझा डावा गुडघा आता तो भार घेत नाही. इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. डीव्हीटी या यंत्रणेमुळे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्हचं टायमिंग वेगाप्रमाणे बदलतं, त्यामुळे खडकाळ चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती जितकी शांतपणे चढते तितकीच मोकळ्या रस्त्यावर सुटते. अशी गाडी मला पुन्हा मिळेल की नाही, माहीत नाही.

आता मुद्दा. या इंजिनाला व्हॉल्व्ह दर ३० हजारांना तपासायचे आणि टायमिंग बेल्ट ३० हजार किंवा पाच वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचे. ३० आणि ६० हजारांच्या डेस्मो सर्व्हिस, म्हणजे व्हॉल्व्ह आणि बेल्टची ही मोठी कामं, झाल्या आहेत, दोन्हींच्या पावत्या आहेत. पुढची ९० हजारांना. म्हणजे किलोमीटर शिल्लक आहेत, पण ६० हजारांना घातलेल्या बेल्टची पाच वर्षं येत्या काही महिन्यांत भरतील.

मग मी काय करावं? फक्त बेल्ट बदलून द्यावेत, सगळी डेस्मो सर्व्हिस आत्ताच करून घ्यावी, की काहीच न करता तेवढी किंमत कमी सांगावी?

आणखी एक. गाडी आडवी झालेली आहे, नेहमी थांबलेली किंवा अगदी हळू असताना. क्रॅश गार्डवर, डाव्या हँडगार्डवर आणि डाव्या पॅनियरवर खुणा आहेत. बॅश प्लेटला, म्हणजे इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याला, खालून दगडांचे पोचे आहेत. टाकीशेजारच्या डाव्या पॅनेलवर एक लांब ओरखडा आहे. हे पॅनेल नवं घालावं का?

---

शिम_आणि_फीलर

लांबपल्लाताई, मी या दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विन इंजिनावर बरीच वर्षं काम करतो, तर माझं मत स्पष्ट सांगतो: पूर्ण डेस्मो करून द्या.

कारण असं. डेस्मोमध्ये व्हॉल्व्ह बंद करायला नेहमीसारखी स्प्रिंग नसते, ते काम दुसरा रॉकर (छोटी तरफ) करतो. एका व्हॉल्व्हला दोन रॉकर, म्हणजे मोजायच्या दोन फटी, दोन गॅप. आठ व्हॉल्व्हचे सोळा गॅप. ते मोजायला टाकी उतरवावी लागते, एअरबॉक्स काढावा लागतो, पुढच्या सिलिंडरपर्यंत हात जायला रेडिएटर सरकवावा लागतो. खर्चाचा मोठा भाग या उघडण्या-बसवण्याच्या मजुरीत जातो, गॅप जुळवणारे छोटे तुकडे, म्हणजे शिम, त्या मानाने स्वस्त असतात. व्हॉल्व्ह नीट करताना बेल्ट काढावेच लागतात. आज नुसते बेल्ट घातले, तर सात हजार किलोमीटरनंतर नवा मालक तेच सगळं पुन्हा उघडणार. जाणकार माणूस हे गणित मनात करतो आणि पूर्ण सर्व्हिसचा खर्च तुमच्या किमतीतून वजा करतो. वर थोडी भीतीही वजा करतो.

भीती बेल्टची असते. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग गोष्ट सर्व्हिसवर थांबत नाही, हेड उघडावं लागतं. पाच वर्षांची अट त्यासाठीच आहे, गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच.

एक विनंती. जिथे काम कराल तिथे सोळाही गॅपचे आकडे लिहून मागा: आधी किती होते, कोणता शिम काढला, कोणता घातला, आता किती आहे. ६० हजारांचा तसा कागद असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक इंजिनांत पहिल्या एकदोन तपासण्यांनंतर गॅप फारसे हलत नाहीत. तुमचे आकडेही तेच म्हणाले, तर ८३ हजारांची भीती त्या एका कागदाने जाते. नुसत्या "सर्व्हिस झाली" या पावतीत ती ताकद नाही.

---

एलेफंट_९००

मी पॅनेलबद्दल बोलतो. बदलू नका.

माझ्याकडे कॅजिवा एलेफंट आहे, डुकाटीचंच, सिलिंडरला दोन व्हॉल्व्हचं इंजिन असलेली. त्या काळी डुकाटी कॅजिवाच्या मालकीची होती आणि याच घराण्याच्या गाडीवर एदी ओरिओलीने १९९० आणि १९९४ची डकार रॅली जिंकली. तुमच्या एन्ड्युरोची मुळं मला तिथेच दिसतात, लांब सस्पेन्शन, मोठी टाकी आणि तो आवाज. गाडी तिसऱ्या हाताने माझ्याकडे आली. आधीच्या मालकाने तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा मला बोट लावून दाखवला. इथे दगड लागला, इथे स्टँड वाळूत रुतला. त्या अर्ध्या तासात माझा त्याच्यावर जो विश्वास बसला, तो कुठल्याही चकचकीत रंगाने बसला नसता.

८३ हजार झालेल्या गाडीवर एकच पॅनेल कोरं दिसलं की पाहणाऱ्याचं लक्ष तिथेच जातं आणि खाली काय लपवलंय हा प्रश्न सुरू होतो. ओरखडा दिसतो आणि संपतो. मग तो माणूस फोर्क सरळ आहे का, हँडलबार वाकला आहे का, फूटपेगचा ब्रॅकेट चिरलाय का, हे बघतो, आणि बघायचं तेच असतं. डाव्या बाजूला पडली असेल तर गिअर लिव्हर आणि साइड स्टँडची बैठक यांचे जवळून फोटो काढा.

बॅश प्लेट मात्र काढा, धुवा आणि आतला भाग दाखवा. बाहेरचे पोचे सगळ्यांनाच आवडतात. आत ऑइल फिल्टरपाशी काही घासलंय का, हे कोणी दाखवत नाही.

---

पुढचीगाडी

मी खरेदीदाराच्या बाजूने लिहिते, कारण सध्या याच वर्गातली गाडी शोधते आहे.

शिम_आणि_फीलर यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. सर्व्हिस माझ्या विश्वासातल्या माणसाकडून व्हावी असं मला वाटतं. विकण्याआधी घाईत, स्वस्तात केलेली डेस्मो मला नको. त्यापेक्षा बेल्टची मुदत अमुक तारखेला संपते असं सरळ लिहा, किंमत त्या हिशेबाने सांगा, आणि मी घेतल्यावर तिसऱ्या दिवशी गाडी उघडेन. पण हो, तो सोळा आकड्यांचा कागद मिळणार असेल तर माझा विचार बदलेल.

मी ज्या गोष्टी पाहीन त्या सांगते, म्हणजे जाहिरातीत आधीच टाकता येतील. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवा. मी यायच्या आधी गाडी गरम केलेली दिसली तर मी परत जाते. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवलं की मध्यावर अडखळ लागते का, त्यावरून स्टीअरिंग बेअरिंग कळतं. चेन एकाच ठिकाणी घट्ट आणि बाकीकडे सैल असेल तर ती संपली, स्प्रॉकेटसकट. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याशेजारी व्हर्निअर धरून फोटो काढला तर वादच राहत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष, तेही दिसू देत. स्पोक एकेक करून पान्याने हलके वाजवते, एखादा बोदा वाजला तर तो सैल असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सस्पेन्शन. सेमी-अॅक्टिव्ह आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स ते चालताना जुळवत राहतं, म्हणून डॅशवर लोड बदलून दाखवा. एकटा चालक, मग सामानासह, मग मागे माणूस आणि सामान. मोटरचा आवाज आला पाहिजे आणि मागची बाजू उचलली गेली पाहिजे. साध्या गाडीत थकलेला शॉक बदलणं सोपं असतं. इथे इलेक्ट्रॉनिक्स जोडलेलं आहे, बिघाड निघाला तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो. ८३ हजारांत शॉक आणि फोर्क एकदाही उघडले नसतील तर तसं लिहा. मी त्याचे पैसे वेगळे धरेन, पण गाडी सोडणार नाही.

---

लांबपल्ला

तिघांचे मनापासून आभार. क्रमाने उत्तरं देते.

६० हजारांचा कागद सापडला. सोळाही आकडे आहेत. कारागिराने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते आणि मी ते पावतीला टाचून ठेवले होते. त्या वेळी चार शिम बदलले, बाकीचे जागच्या जागी. त्यामुळे आता पूर्ण डेस्मोच करणार आहे आणि त्याच माणसाकडे, म्हणजे दोन्ही मापं एकाच हाताची असतील. पुढचीगाडी, घाईत केलेल्या कामाबद्दल तुमची शंका रास्त आहे. म्हणून ज्याला गाडी घ्यायची नक्की आहे त्याने काम चालू असताना येऊन उभं राहावं, कव्हर उघडं असताना कॅम आणि रॉकर स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत. कारागिराची हरकत नाही, मी विचारून घेतलं.

पॅनेल तसंच राहील. बॅश प्लेट काढली. आत सुकलेल्या चिखलाचा थर होता, तो खरवडल्यावर केसिंग आणि फिल्टर दोन्ही स्वच्छ दिसतात. फोटो काढलेत.

फोर्कचं तेल आणि सील ६० हजारांना बदलले आहेत. मागचा शॉक कधीच उघडलेला नाही. तो गळत नाही, लोड बदलला की मागची बाजू उचलली जाते, पण खडबडीत रस्त्यावर नवी असतानाचा घट्टपणा आता राहिलेला नाही, हे मला चालवताना जाणवतं. जाहिरातीत हे वाक्य जसंच्या तसं जाईल. शॉक मी दुरुस्त करून देणार नाही, कारण नव्या मालकाचं वजन आणि सामान माझ्यापेक्षा वेगळं असेल. त्याने आपल्याला हवा तसा बांधून घ्यावा. तेवढी किंमत कमी करेन.

एकच शंका उरली आहे. सीट मी बदललेली, कमी उंचीची आहे, मूळ सीट घरात पडून आहे. एक्झॉस्ट मूळच आहे. पॅनियर, क्रॅश गार्ड, जादा दिवे हे वेगळे विकले तर जास्त पैसे येतील असं दोघांनी सांगितलं. खरं आहे का?

---

शिम_आणि_फीलर

पैसे कदाचित जास्त येतील, पण क्रॅश गार्ड काढलेली एन्ड्युरो बघायला कोणी उत्साहाने येत नाही. शिवाय गार्डवरच्या खुणा हा तुमचा पुरावा आहे, जे लागलं ते गार्डला लागलं. दोन्ही सीट द्या. जादा दिव्यांचं वायरिंग कुठून घेतलंय, फ्यूज कुठे आहे, याचा एक साधा कागद द्या. दुसऱ्याने केलेल्या वायरिंगचा शोध घेण्यात मी अख्खे दिवस घालवलेत.

---

एलेफंट_९००

दोन्ही किल्ल्या शोधून ठेवा. हँड्स-फ्री किल्लीबरोबर साधी किल्लीही येते, ती बहुतेकांच्या कपाटात हरवलेली असते. पिन कोड घातला असेल तर तो नव्या मालकाला सांगा आणि त्याच्यासमोर एकदा वापरून दाखवा. रिमोटची बॅटरी रस्त्यात संपली तर तोच कामी येतो.

चालवून बघायला देताना नियम आधी सांगा: पूर्ण रायडिंग गिअर (हेल्मेट, संरक्षक कपडे) घातलेला, परवाना दाखवलेला आणि पूर्ण रक्कम तुमच्या हातात. खरा शौकीन यावर रागावत नाही, तो स्वतःची गाडीही असाच देतो.

---

पुढचीगाडी

ताई, मागचा शॉक थकलाय हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, त्यामुळे बाकीचं निम्मं मी तपासल्यातच जमा धरते. डेस्मोच्या दिवशी मी येऊ शकते. माझी उंची बेताची आहे, तेव्हा तुमची कमी उंचीची सीट गाडीवरच राहू द्या, टाकी अर्धी भरलेली ठेवा आणि पॅनियर लावा. मला ती उभी करून तोलून बघायची आहे, चालवायच्या आधी.

---

लांबपल्ला

जरूर या. पॅनियर लावलेले असतील. टाकी मात्र पूर्ण भरूनच ठेवते, कारण तोलायची तर तिच्या सर्वात जड अवस्थेतच तोला. अर्ध्या टाकीवर ती खूप सोपी वाटते, आणि माझी अडचण पूर्ण टाकीवर सुरू झाली. पायाखाली सपाट जमीन आणि एक उतार, दोन्ही जागा दाखवेन. जमलं नाही तर तसं मोकळेपणाने सांगा, मी जाहिरात पुढे चालू ठेवेन. दिवस कारागिराशी बोलून कळवते. सकाळी पहिल्यांदा इंजिन तुमच्यासमोरच सुरू होईल, त्याआधी मी बटणाला हात लावणार नाही.