वल्हे वय बघून द्यायचे की दम बघून?

वैनगंगाकाठ

परवा वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद नाव) भाड्याने देणाऱ्या एका सद्गृहस्थांनी येथे पोस्ट टाकून जाहीर केले की, पंचावन्नच्या पुढील कोणालाही ते यापुढे कयाक देणार नाहीत आणि बाकीच्यांनीही देऊ नये. कारण म्हातारा माणूस बुडाला की त्याचा मुलगा पोलिसांना घेऊन येतो आणि आख्खा हंगाम हातचा जातो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे, म्हणजे हा नियम थेट माझ्याच अंगावर येतो, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या भागात आणि शेजारच्या गुजरातेत पाण्याने नेलेली माणसे जरा आठवून बघावीत. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळ वेणा जलाशयात नाव उलटली, तेव्हा तिच्यातले तरुण मोबाइलवर चित्रण करण्यात गुंतले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीत झुंजजवळ एकाच गोतावळ्यातील ११ जण गेले आणि त्यांत लहान मुलेही होती. बडोद्याच्या हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. यांपैकी एकाही ठिकाणी वय आडवे आले नव्हते. आडवे आले ते प्रमाणाबाहेर भरलेली नाव, अंगावर नसलेले जॅकेट आणि नको तिथे केलेली मस्ती. उलट दक्षिण आफ्रिकेचे ऑटो थॅनिंग यांनी २०१४ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केली. आमच्या चालकसाहेबांच्या नियमाने त्यांना गोसीखुर्दच्या काठावर बाकड्यावर बसवून चहा पाजला असता.

विचारायचेच असेल तर एवढे विचारा की, कयाक उलटली तर हा माणूस खोल पाण्यात ती सरळ करून, मागच्या टोकाकडून पोटावर सरकत पुन्हा तिच्यावर चढू शकतो का. ज्याला हे जमते त्याला वल्हे द्यावे, ज्याला जमत नाही त्याला देऊ नये, मग तो पंचविशीचा असो की सत्तरीचा.

खेड्यातला डॉक्टर

गुरुजी, आपला हिशेब एका ठिकाणी चुकतो. आपल्याकडे साठीची माणसे कयाकवर बुडालेली दिसत नाहीत, कारण साठीची माणसे कयाकवर जातच नाहीत. नोंद नाही एवढ्यावरून धोका नाही असे ठरत नाही. आणि थॅनिंग यांचे उदाहरण देऊन आपण धापेवाड्याच्या यात्रेत चार पावले चालल्यावर खांबाला टेकणाऱ्या माझ्या रुग्णांना पाण्यात ढकलत आहात.

वयाचा संबंध नेमका कुठे येतो ते सांगतो. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात राहिला की पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे सरकते, शरीराला वाटते की रक्त जास्त झाले आहे, आणि लघवीवाटे पाणी बाहेर टाकले जाते. त्याला दोन्ही काखांत धरून झटक्यात उभा वर ओढला की तो दाब एकदम जातो आणि रक्तदाब कोसळतो. तरुण माणूस यातून सावरतो. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असलेला माणूस काठावर आल्यावर, सगळे टाळ्या वाजवत असताना, बेशुद्ध पडू शकतो. म्हणून अशा माणसाला शक्यतो आडवेच बाहेर काढावे आणि थोडा वेळ आडवेच ठेवावे. स्टेंट बसवल्यानंतर ज्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात, त्यांच्या डोक्याला कयाकची कड लागली तर आतला रक्तस्राव काही तासांनीही डोके वर काढतो. वय वाढले की तहानही कमी जाणवते, आणि आपल्या मे महिन्यात पाण्यावर दुपारी काय होते हे विदर्भात सांगायला नको. पंचावन्न हा आकडा मनाला येईल तसा ठरवला आहे हे मान्य. पण वय नावाची गोष्टच नाही हे अमान्य.

ढिवरपुरा

आपणा सर्वांच्या हौशीच्या चर्चेत एक गोष्ट घालतो. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यात गणपूरच्या घाटावर वैनगंगेत डोंगा उलटला आणि पलीकडे मिरची तोडायला निघालेल्या ६ बायका गेल्या. त्यांना कोणी वय विचारले नव्हते, पोहता येते का विचारले नव्हते आणि जॅकेट तर दाखवलेही नव्हते. त्या घाटावर आजही मजूर डोंग्यानेच नदी ओलांडत असतील, तर गुरुजींना संध्याकाळी वल्हे मारू द्यावे की नाही यावर एवढी शाई कशाला?

आणि जॅकेटबद्दल बोलायचे तर बोलूच. या जलक्रीडावाल्यांकडची जॅकेटे मी जवळून पाहिली आहेत. भगवा रंग उडून पिवळा झालेला, बक्कल तुटले म्हणून सुतळीची गाठ, आणि शिवणीतून फोमचा भुगा हातात येतो. असे जॅकेट घालण्यापेक्षा रिकामा प्लास्टिकचा कॅन छातीशी बांधलेला बरा.

जलक्रीडाचालक

ज्यांच्या पोस्टवर हा सारा गदारोळ आहे तो मीच. माझी जॅकेटे नवी आहेत आणि ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावीत. सुतळी दुसऱ्याची असेल. डॉक्टरांनी जे लिहिले तेच मी साध्या भाषेत म्हटले होते. गुरुजी म्हणतात परीक्षा घ्या. दर रविवारी नागपूरहून गाड्या भरून माणसे येतात, प्रत्येकाला खोल पाण्यात पाडून परत चढवून दाखवायचे म्हटले तर दिवसाला पाच कयाक सुटतील. जन्मतारीख विचारायला एक क्षण लागतो. मागच्या हिवाळ्यात एक आजोबा काठापासून दूर जाऊन दमले, मी स्वतः नाव घेऊन गेलो, दोरीने ओढत आणले. आणि त्यांचा मुलगा काठावर मलाच म्हणाला की, तुम्ही त्यांना जाऊ दिलेच कसे. मला हे दिवस पुन्हा नको आहेत, एवढेच.

पवनीची लेक

माझे बाबा सत्तरीकडे झुकलेले आहेत आणि लहानपणापासून वैनगंगेत पोहतात, त्यामुळे जॅकेट घालणे हा त्यांना अपमान वाटतो. मागच्या वर्षी ते फुगवट्यात कयाक घेऊन गेले. नदी जिथून वाहायची तिथली खूण त्यांना पाठ होती, पण धरणाच्या पाण्याखाली उभी राहिलेली वाळकी झाडे त्यांच्या आठवणीत नव्हती. एका बुंध्याला कयाक अडकून कलंडली. बाबा पोहायला लागले आणि दोन हातांनंतर त्यांचा पाय नायलॉनच्या जाळ्यात गुरफटला. पाय झटकावा तसे जाळे पोटरीभोवती आवळत गेले. एका कोळी दादांनी डोंग्यातून वाकून ते कोयतीने कापले, तोपर्यंत बाबांच्या नाकातोंडात पाणी गेले होते.

त्यामुळे गुरुजी, पुन्हा चढण्याची परीक्षा बाबा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले असते. वाहत्या नदीचा अनुभव साठलेल्या पाण्यात पुरत नाही, आणि अनुभवी म्हाताऱ्याला हे पटवणे नवख्या तरुणापेक्षा अवघड जाते.

ढिवरपुरा

ताई, बाबा सुखरूप आहेत हे उत्तम. मात्र त्या दादांनी कापलेले जाळे त्यांचे स्वतःचे होते की शेजाऱ्याचे, याची चौकशी कोणी केली का? जाळे कापले म्हणजे त्या घरचे मासळीचे दिवस गेले. धरण झाले तेव्हा आम्हा मासेमारांपैकी कित्येकांचे गाव आणि घाट बुडाले, मोबदल्यासाठी उंबरठे झिजवले, नाग नदीचे सांडपाणी कन्हानमार्गे याच पाण्यात येऊन मासळी मेली, आणि आता या पाण्यावर कयाकवाले फिरणार म्हणून आमचीच जाळी धोकादायक ठरणार! आम्ही जाळ्यांना रिकाम्या बाटल्या बांधतो, त्या दिसत नसतील तर चष्मा लावून यावे.

जलक्रीडाचालक

बाटल्या? अर्ध्या बाटल्या पाणी भरून खाली बसलेल्या असतात आणि उरलेल्या जलपर्णीत हरवतात. उन्हाच्या वेळी चकाकीत मलाही त्या दिसत नाहीत, आणि मी तुमच्याच गावचा आहे. उगाच जातीवर जाऊ नका, मी कोणाच्या पोटावर पाय देत नाही.

ढिवरपुरा

जातीचा विषय मी काढला नव्हता, आपण काढला. आम्ही जाळी रात्री टाकतो, सकाळी उचलतो. आपली नावे सकाळी सातच्या आधी सोडू नका, एवढे सांगून आता थकलो.

खेड्यातला डॉक्टर

दोघांनी जरा श्वास घ्यावा. जॅकेटबाबत ढिवरपुरा यांचा राग रास्त आहे, पण कॅनचा सल्ला कोणी खरा मानू नये. ५० न्यूटनचे जॅकेट, म्हणजे साधारण ५ किलो उचल देणारे, हे पोहता येणाऱ्या शुद्धीतल्या माणसासाठी आणि मदत जवळ असताना वापरायचे असते. बेशुद्ध माणसाला ते उताणा करत नाही. त्यासाठी मानेमागे कॉलर असलेले १०० न्यूटन किंवा त्याहून जास्तीचे लागते. मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल तर पोट सुटलेल्या साठीच्या माणसाचे जॅकेट पाण्यात गळ्यापर्यंत वर सरकते, आणि हा पट्टा कोणीच लावत नाही, कारण तो लावताना लाज वाटते.

वैनगंगाकाठ

डॉक्टरांचे बाहेर काढण्याबाबतचे म्हणणे मला मान्य करावे लागते, जरी ते सांगण्याआधी त्यांनी यात्रेतल्या रुग्णांना माझ्या गळ्यात बांधण्याची गरज नव्हती. ताईंच्या बाबांचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे. बुंधा आणि जाळे वय विचारत नाहीत. विशीतला मुलगा तिथे अडकला असता तर त्याच्याही पोटरीला तेच जाळे आवळले असते, आणि जॅकेट घातले असते तर दोघांचेही तोंड पाण्याबाहेर राहिले असते. तेव्हा कयाक कुठपर्यंत न्यायची याची हद्द पिवळ्या पिंपांनी आखावी, वाळक्या झाडांचा पट्टा आणि जाळ्यांचा भाग हद्दीबाहेर ठेवावा, दोन कयाक सोबत असल्याशिवाय एकाला सोडू नये, आणि एक माणूस नाव घेऊन तयार असावा. राहिला प्रश्न रक्तदाब आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा, तर तो चालकांनी प्रत्येकालाच विचारावा. चाळिशीतही स्टेंट बसतात.

पवनीची लेक

माझ्या बाबांना आपल्या बाजूला घेतल्याबद्दल आभार. पण जॅकेट घालायला त्यांना आपण येऊन सांगावे, आमचे ते ऐकत नाहीत.

जलक्रीडाचालक

पिंपे बांधायची, राखीव नाव ठेवायची, प्रत्येकाला गोळ्या विचारायच्या, पट्टा लावून घ्यायचा, आणि भाडे तेच ठेवायचे. चांगले आहे. जन्मतारीख विचारणे बंद करतो, पण गुरुजी, पहिल्या दिवशी खोल पाण्यात पडून परत चढून दाखवायला आपणच या, म्हणजे नागपूरकरांनाही धीर येईल.

ढिवरपुरा

या, जरूर या. फक्त सातनंतर, आणि पिंपे बांधताना आधी आम्हाला विचारा, कारण तुमची हद्द आमच्या जाळ्यांच्या मधोमध येऊ शकते.