संसारात स्वतःचे ध्येय : आपापले अनुभव सांगा

लग्नानंतर स्वतःसाठी एखादी गोष्ट ठरवली, तरी तिला लागणारा वेळ आणि पैसा दोघांच्या समाईक साठ्यातूनच निघतो, आणि हे आपल्याला बहुधा तो काढून झाल्यावर कळते. तुम्ही काय ठरवलेत, जोडीदाराला ते कधी सांगितलेत आणि घोडे कुठे अडले, हे मोकळेपणाने लिहावे. सुरुवात मी माझ्यापासून करतो.

फोंडा

गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी आमच्या गावच्या संस्थेत मी बारा वर्षांनी पुन्हा भूमिका स्वीकारली आणि नेमके त्याच वर्षी पत्नीने खातेअंतर्गत परीक्षेला बसायचे ठरवले. देवळाच्या सभागृहात तालीम रात्री साडेआठला सुरू होई, आणि मुलाचे जेवण आटोपल्यावर तिला अभ्यासाला मिळणारी वेळही तीच होती. पंधरा दिवस घरात धुसफूस चालली. मग स्वयंपाकघराच्या दारामागच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, मी तालमीच्या दिवशी तांबड्या शाईने ‘ता’ आणि अभ्यास झाला त्या दिवशी तिने निळ्या शाईने ‘अ’ लिहायचे असे ठरले. महिनाअखेरीस मोजले, तर ‘ता’ एकोणीस आणि ‘अ’ सहा निघाले. त्यावर वाद घालण्यासारखे काही उरलेच नाही. आठवड्यातून तीनच दिवस येऊ शकेन, असे मी दिग्दर्शकांना कळवले आणि त्यांनी मला लहान भूमिका दिली. मोठी भूमिका गेल्याचे वाईट वाटले, आजही वाटते. पत्नी परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून ते कमी झाले, असे मी म्हणणार नाही.

चोडण

२०१९ मध्ये पणजीत पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा झाली, तेव्हा मी मिरामारला केवळ पाहायला गेले होते. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावणे, हे आपल्यालाही जमेल असे त्या दिवशी वाटले आणि घरी येऊन मी ते सांगून टाकले. आता विचार करते तेव्हा लक्षात येते, की मी नवऱ्याला विचारले नव्हते, फक्त कळवले होते. सरावासाठी पहाटेच्या फेरीबोटीने रायबंदरला उतरायचे आणि रविवारी लांब पल्ल्याची सायकल चालवायची, असा माझा क्रम ठरला. त्यामुळे रविवारची मासळी आणण्याचे काम आपोआप त्याच्याकडे गेले. पहिल्याच रविवारी त्याने आणलेले बांगडे बोटाने दाबले, तर खळगा तसाच राहत होता आणि कल्ले तांबडे असायचे ते तपकिरी पडले होते. मी दमून आले होते, त्यामुळे नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, “शर्यत तू ठरवलीस, बाजार मी ठरवला नव्हता.” पुढच्या आठवड्यात मी सायकल बाजूला ठेवून त्याच्याबरोबर बाजारात गेले आणि मासळी कशी पारखायची ते दाखवले. आज माझ्यापेक्षा तोच चांगली घासाघीस करतो.

म्हापसा

माझा अनुभव कायद्याच्या वाटेने आला. लेथ मशीन घेऊन स्वतःचे वर्कशॉप काढण्यासाठी वडिलांकडून वाट्याला आलेला भूखंड विकायचे मी ठरवले. मात्र आपल्याकडे गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार, विवाहपूर्व करार केलेला नसेल तर मालमत्ता पती-पत्नीची समाईक असते आणि पत्नीच्या सहीवाचून स्थावर विकता येत नाही. पत्नीने दोन महिने सही केली नाही. ती आडमुठेपणा करते आहे, असे मी मित्रांना सांगत फिरलो. खरे तर तिने एकच प्रश्न विचारला होता, की पहिले वर्ष काम मिळाले नाही तर हप्ते कुठून भरायचे, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. आकडेमोड कागदावर मांडून दाखवल्यावर, नव्या लेथऐवजी जुना घ्यायचा या अटीवर, तिने सही केली. गंमत पुढेच आहे : गोव्यात या कायद्याखालील जोडप्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत निम्मे-निम्मे धरतात, त्यामुळे ज्याला मी ‘माझा धंदा’ म्हणत होतो, त्याचे अर्धे उत्पन्न दरवर्षी तिच्या विवरणपत्रात दिसते.

वास्को

मी जहाजावर असतो. सात महिन्यांनी परतलो, तेव्हा पत्नीने बी.एड.ला प्रवेश घेतला होता. फोनवर तिने ते सांगितलेही होते, परंतु मी नीट ऐकले नव्हते. त्या सुट्टीत मी डबे भरले.

साखळी

वरील सर्वांनी जोडीदाराला सांगण्याबद्दल लिहिले आहे. माझे मत वेगळे आहे. सत्तावन्नाव्या वर्षी मोटार शिकायचे मी ठरवले आणि यजमानांना अवाक्षरही कळू दिले नाही, कारण त्यांनी काळजीपोटीच मला अडवले असते आणि काळजीशी भांडता येत नाही. भजनाला जाते असे सांगून मी शिकवणीला जात असे. परवाना हाती आल्यावरच त्यांच्यापुढे ठेवला. दोन दिवस ते बोलले नाहीत. आता वाळपईला जायचे झाले, की ते निमूटपणे शेजारी बसतात आणि प्रत्येक वळणाआधी उजवा पाय दाबतात. ब्रेक त्यांच्या बाजूला नाहीच.