सातव्या महिन्यात गाय गाभडली, जार चामड्यासारखा जाड

कडबाकुट्टी (मंगळवेढा):
संकरित गाय, दुसरं वेत. सोमवारी पहाटे गाभडली, वासरू मेलेलंच. जार पडेना म्हणून सासूबाईंनी लोंबत्या टोकाला जुनी चप्पल बांधली. मला पटलं नाही, पण घरात ऐकतंय कोण. मंगळवारी दुपारी मीच हात घालून ओढला. पहिल्या वेताचा जार पातळ होता, त्यावरची बटणं, म्हणजे गर्भपिशवीला चिकटणाऱ्या गाठी, गर्द लाल. यंदा मधला पडदा त्या चपलेच्या तळासारखा, बटणं पिवळट करडी, वर चिकट तपकिरी लगदा. अवकाळीत कडबा भिजला होता. त्यातली बुरशी असेल का?

खिल्लारप्रेमी (सांगोला):
कॅल्शियम कमी पडलं असेल. आमच्याकडं बाटली लावली की जार पडतो.

निवृत्त पशुवैद्य (सोलापूर):
कॅल्शियम कमी असलं तर जार अडकतो, पण त्यानं पडदा जाड होत नाही. ताई, बुरशीचा संशय चुकीचा नाही, तिच्यानंही जार असाच चामड्यासारखा होतो. पण पाच महिन्यांनंतर गाभडलेली गाय आणि असली बटणं म्हटलं की मला आधी ब्रुसेला आठवतो. हा जंतू बटणांतच वाढतो. तिथली पेशी मेली की आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू वासराला पोचत नाही. नुसत्या डोळ्यानं दोन्हींतला फरक कळणार नाही. जाराचं बटण आणि वासराच्या पोटातलं पाणी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत द्या. गायीचं रक्त आज तपासा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण गाभडल्यावर लगेच काही वेळा काही सापडत नाही. आत तुकडा राहिला असेल तर ओढू नका, डॉक्टरांना दाखवा. चप्पल तर सोडाच, ओझ्यानं जार तुटून तुकडा आत राहू शकतो. आणि मोजे घातले होते का?

कडबाकुट्टी:
नाही. जार उकिरड्यावर टाकला, निम्मा कुत्र्यानं नेला. एक राहिलंच, मालकांना पंधरा दिवसांपासून संध्याकाळी ताप येतो, पाठ दुखते. कच्चं दूध प्यायची सवय आहे त्यांना.

निवृत्त पशुवैद्य:
ब्रुसेला कच्च्या दुधातून आणि जाराला हात लावल्यानं माणसालाही होतो. मालकांना उद्याच माणसांच्या डॉक्टरांकडं न्या. गाय गाभडली, कच्चं दूध पितात, हे स्वतःहून सांगा, नाहीतर टायफॉइड समजून औषध देतील. तुम्हीही तपासून घ्या. दूध उकळूनच वापरा. जाराचा उरलेला तुकडा मोजे घालून खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरा, गाय वेगळी बांधा. घरात चार ते आठ महिन्यांची कालवड आहे का?

कडबाकुट्टी:
आहे, सहा महिन्यांची. ब्रुसेलाची लस टोचायला आले होते तेव्हा आम्ही पंढरपूरला वारीला गेलो होतो.