रेडिओहेडचं ‘क्रीप’: आधी थंड प्रतिसाद का?

प्रश्न: रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं 1992 मध्ये आलं तेव्हा ब्रिटनमध्ये फारसं चाललं नाही, 1993 मध्ये तेच तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर! आणि कोरसआधीचा (ध्रुवपदाआधीचा) गिटारचा तो ‘खर्र-खर्र’ आवाज कसा काढतात?

उत्तर 1: बीबीसी रेडिओ 1 ला गाणं फार उदास वाटलं, म्हणून तिथे फारसं वाजलं नाही. इस्रायल, अमेरिकेतल्या रेडिओंनी उचलून धरलं, मग पुन्हा काढलं.

उत्तर 2: डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) चालू करा. डाव्या हाताची किमान दोन बोटं तारांवर नुसती टेकवा, दाबू नका. पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) जोरात मारा. एकच बोट पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) टेकलं तर हार्मोनिक (घंटीसारखा स्वच्छ सूर) घुमतो आणि सगळा धक्काच जातो.

उत्तर 3: गाण्याच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) अशा: जी, बी, सी, सी मायनर. शेवटी सी कॉर्डमधला ई सूर उतरून ई फ्लॅट होतो, तिथेच काळीज हलतं. घाई करू नका.