रेनफिल्डचा संशय: विवेक की फसलेला व्यवहार?

मूळ लेखन (धरमपेठ, नागपूर)

गेल्या रविवारी आमच्या घरी जमलेल्या वाचकमंडळींत ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतील रेनफिल्डवरून बराच वाद झाला. तो अर्धवट राहिला, म्हणून येथे मांडते.

कादंबरी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. रेनफिल्ड हा लंडनजवळच्या पर्फ्लीट येथे डॉ. सीवर्ड यांच्या मनोरुग्णालयात ठेवलेला ५९ वर्षांचा रुग्ण आहे. खिडकीत साखर पसरून तो माश्या जमवतो, माश्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना घालतो आणि शेवटी चिमण्या स्वतः कच्च्या खातो, कारण जितके जीव पोटात जातील तितके आपले जीवन वाढेल अशी त्याची समजूत आहे. शेजारच्या ओसाड वास्तूत माणसांचे रक्त पिणारा ड्रॅक्युला येऊन राहिल्यावर हा त्याला आपला धनी मानू लागतो. घरातल्या कोणी बोलावल्याखेरीज ड्रॅक्युलाला प्रथम आत येता येत नाही, आणि त्याला आत घेणारा रेनफिल्डच असतो. पुढे, ड्रॅक्युलाचा माग काढणाऱ्या मंडळींबरोबर त्याच घरात उतरलेल्या मीना हार्करचे रक्त धनी पितो आहे हे उमगल्यावर तो त्याच्यावर धावून जातो आणि प्राणास मुकतो.

कबूल केलेले मिळाले नाही म्हणून नोकर उलटला, एवढीच ही गोष्ट आहे, असे रविवारी बहुतेकांचे मत पडले. मला ते मान्य नाही आणि त्याचे कारण घटनांच्या क्रमात आहे. ३० सप्टेंबरला मीना त्याला भेटायला येते, तेव्हा तुमचा चेहरा मला पुन्हा कधी दिसू नये अशी देवाकडे प्रार्थना करतो, असे तो तिला निरोप देताना सांगतो. त्याच रात्री तो डॉक्टरांना बोलावून घेतो आणि बेड्या घाला, हवे तर तुरुंगात टाका, पण मला या घरातून आत्ताच्या आत्ता हलवा, अशी विनवणी करतो. ते नकार देऊन निघून गेल्यानंतर ड्रॅक्युला धुक्याच्या रूपाने खिडकीशी येऊन त्याला उंदरांच्या झुंडी दाखवतो आणि हे सारे जीव तुला देईन असे वचन देतो. म्हणजे ज्या वचनाचा भंग झाला म्हणून तो चिडला असे आपण म्हणतो, ते वचन मिळण्याच्या आधीच धन्याला खरे काय हवे आहे याची शंका त्याच्या मनात आली होती. त्याला मी विवेक म्हणते.

प्रतिसाद (महाल)

ताई, क्रम तुम्ही बरोबर सांगितलात, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. रेनफिल्डजवळ एक वही असते आणि तिच्यात आकड्यांच्या रांगा, त्यांच्या बेरजा आणि त्या बेरजांच्या पुन्हा बेरजा लिहिलेल्या असतात. हा मुळात जमाखर्च मांडणारा माणूस आहे. मरताना तो स्वतःच सांगतो की दुसऱ्या दिवशी आपण दिवसभर वाट पाहिली, पण धन्याने साधी एक माशीसुद्धा पाठवली नाही, म्हणून आपल्याला राग आला. मीनाविषयी तो काय म्हणतो तेही पाहा. किटलीत पाणी घालून वाढवलेल्या चहासारखी ती बेचव वाटली, आणि आपल्याला फिकट माणसे आवडत नाहीत, भरपूर रक्त असलेली आवडतात! यात करुणा कुठे आहे? आपल्या डोळ्यांसमोरचा जिन्नस दुसऱ्याने संपवला याचा हा संताप आहे.

राहिली ती रात्रीची विनवणी. आपण आपल्या आत्म्यासाठी झगडत आहोत, असे तो तिथे म्हणतो. मीनाचे नावही काढत नाही. इतरांचे जीव घेताना त्यांच्या आत्म्यांचा भार आपल्यावर येईल की काय, ही भीती त्याला आधीपासून असतेच. धन्याची इच्छा काय आहे, असा प्रश्न तो विचारत नाही. आपले काय होईल, एवढेच तो विचारतो.

प्रतिसाद (कोराडी रस्ता)

मी निवृत्त परिचारिका आहे आणि अनेक वर्षे मनोरुग्ण कक्षात काम केले आहे. आपल्या शहरात अजूनही ‘पागलखाना चौक’ हे नाव सर्रास घेतले जाते आणि त्या भिंतीआड बोललेल्या शब्दाला बाहेर किती किंमत मिळते तेही त्यावरून समजते. आमच्याकडे एक बाई होत्या. एका संध्याकाळी त्यांनी केस विंचरले, पदर नीट केला आणि अगदी शांतपणे मला सांगितले की दीर न्यायला येतील, त्यांच्याबरोबर पाठवू नका, त्यांना मी नको आहे, माझी सही हवी आहे. कागदावर नोंद झाली ती एवढीच की बोलणे सुसंगत, सुधारणा दिसते. त्याच आठवड्यात त्यांना दिराबरोबर घरी पाठवले. चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा पाठीवर वळ होते.

म्हणून त्या रात्रीचा प्रसंग वाचताना माझे लक्ष रेनफिल्डपेक्षा डॉ. सीवर्ड यांच्यावर जास्त जाते. समोरचा माणूस इतका मुद्देसूद बोलतो आहे म्हणजे हेही वेडाचेच नवे रूप असावे, असे ते मानतात. मी तुम्हाला पटवण्यासाठी जे करता येईल ते केले, हे पुढे लक्षात ठेवा, असे रेनफिल्ड त्यांना अखेरीस सांगतो. केवळ हिशेब मांडणारा माणूस असे बोलत नाही.

प्रतिसाद (प्रतापनगर)

आपल्याकडच्या वेताळकथेची येथे आठवण होते. कथासरित्सागरातला राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. क्षान्तिशील नावाचा भिक्षू त्याला रोज एक फळ देतो, फळांत रत्ने निघतात, आणि त्या उपकारापोटी राजा स्मशानातून प्रेत वाहून आणायला तयार होतो. म्हणजे तोही काही काळ सेवकच झाला. भिक्षूला प्रेत नको आहे, तुझा बळी हवा आहे, हे त्याला शेवटी प्रेतातला वेताळच सांगतो. राजाला स्वतःहून संशय आला नव्हता. रेनफिल्डला सावध करणारे कोणी नसताना तो एकट्याने तिथवर पोचला, त्यामुळे मला त्याची योग्यता मोठी वाटते.

मूळ लेखिका

वेताळकथेचे साम्य मला सुचले नव्हते, आभारी आहे. महालच्या दादांना एवढेच सांगते की विनवणीत मीनाचे नाव नाही हे खरे, पण आपल्याला गप्प करणारे काहीतरी होते, जीभ जणू बांधली गेली होती, असे तो मरताना सांगतो. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याच पकडीत असलेला माणूस नाव कसे घेणार? आणि चहाची उपमा कोरडी आहे म्हणून त्यामागची वेदना खोटी ठरत नाही. त्याच्याजवळ भाषाच खाण्यापिण्याची होती.

प्रतिसाद (महाल)

जीभ बांधली गेली होती, हे मी मान्य करतो, आणि परिचारिका ताईंचा अनुभव वाचल्यावर डॉक्टरांचा दोष मी आधी कमी धरला होता हेही मान्य करतो. पण हात तर बांधलेले नव्हते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्याला धन्याची इच्छा आधीच कळली होती, तर मग उंदीर दिसताच त्याने खिडकी उघडून “या, धनी” असे म्हटले, त्याचा दोष अधिकच वाढतो. ज्याला काहीच माहीत नाही त्याने दार उघडले तर ती चूक ठरते. ज्याला माहीत आहे त्याने उघडले तर तिला काय म्हणायचे?

मूळ लेखिका

डोळ्यांवर रक्तासारखा लाल ढग आला आणि आपण काय करतो आहोत हे कळण्याआधीच खिडकी उघडली गेली, असे तो सांगतो. त्याचे हे म्हणणे मी खरे धरते, कारण दोन रात्रींनी तेच धुके पुन्हा आत आले तेव्हा, धनी कोण आहे हे पूर्ण ठाऊक असूनही, त्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवण्याचा प्रयत्न केला.