शब्दचर्चा : तयार 'रिग' जपून ठेवायची, तिला 'साचा' म्हणावं का?

प्रश्न · राजारामपुरी, कोल्हापूर
नमस्कार मंडळी. आमच्या क्लासला ॲनिमेशन शिकायला येणारी बरीच पोरं मराठी माध्यमाची, कागल-पन्हाळा भागातली. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहायला घेतलीत. हाडं, कंट्रोल, सगळं लावून पूर्ण झालेलं पात्र, म्हणजे रिग, एकदा सेव्ह करायचं आणि पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये तेच वापरायचं, या धड्यावर अडलोय. काहीजण 'सांगाडा साठवणे' म्हणतात, काही 'साचा'. मला 'साचा' बरा वाटतो. चालेल का?

उत्तर · उद्यमनगर
सर, 'साचा' लिहिण्याआधी फौंड्रीतला अर्थ बघा. आमच्याकडं वाळूत पॅटर्न दाबून साचा करतात, त्यात लोखंड ओततात आणि थंड झालं की साचा फोडून जॉब बाहेर काढतात. प्रत्येक वेळी साचा नवा. जपून ठेवतात तो लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा पॅटर्न. शिरोली, गोकुळ शिरगावला कामाला जाणाऱ्यांची पोरं तुमच्याकडं असतीलच. त्यांच्या घरात साचा म्हणजे फोडायची वस्तू.

उत्तर · मंगळवार पेठ
१९२९ साली प्रभात फिल्म कंपनी ज्या गावात निघाली, तिथून रिगला एक मराठी शब्द निघू नये? 'दिग्दर्शक' हा शब्दही कुणीतरी घडवलाच की. माझी सूचना : 'कळसूत्र'. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांपासून शब्द आपल्या ओळखीचा आहे.

उत्तर · शाहूपुरी
मी रोज ब्लेंडर आणि हार्मनी या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'सांगाडा' आधी बाजूला काढू. ब्लेंडरमधलं आर्मेचर म्हणजे सांगाडा, नुसती हाडं. रिग म्हणजे ती हाडं, त्यांना बांधलेलं शरीर, कोणत्या हाडानं किती कातडी ओढायची ते वेट, पाऊल हलवलं की गुडघा आपोआप वाकवणारं आयके, आणि हे सगळं चालवायचे कंट्रोल. टिपणात 'सांगाडा सेव्ह करा' लिहिलंत तर पोरगं खरंच एकटं आर्मेचर उचलणार, आणि नव्या फाइलमध्ये हाडं येतील, पात्र येणार नाही. उचलायचं असतं ते पूर्ण कलेक्शन, म्हणजे पात्राच्या सगळ्या भागांचा गट.

'कळसूत्र' मला मनापासून आवडला, पण तो कंट्रोलना शोभतो. ॲनिमेटर हाडाला हात लावत नाही, बाहेरची कळ ओढतो. अख्ख्या रिगला तो शब्द दिला तर शरीर आणि वेट बाहेरच राहतात.

आता 'साचा'. उद्यमनगरच्या दादांचं पटलं, पण माझी अडचण वेगळी आहे. परत वापरण्याचे प्रकार दोन आहेत आणि 'साचा' त्यांतला एकच सांगतो. हार्मनीत पात्राचे सगळे लेअर टाइमलाइनमधून लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ओढून टाकले की टेम्प्लेट तयार होतं. (त्या लायब्ररीला बदल करायची परवानगी आधी द्यायला लागते, नाहीतर ती काही घेतच नाही. नवीन पोरं हमखास इथं अडतात.) शॉटमध्ये ते आणलं की ती स्वतंत्र प्रत. उद्या टेम्प्लेटमधल्या फेट्याचा तुरा बदलला तरी जुन्या शॉटमधला तुरा जसाच्या तसा. ब्लेंडरचं अपेंडही (दुसऱ्या फाइलमधली रिग प्रत करून आपल्या फाइलमध्ये आणणं) असंच.

लिंकचं मात्र उलटं. रिग मूळ फाइलमध्येच राहते, शॉट तिच्याकडं नुसतं बोट दाखवतो. मूळ फाइलमध्ये खांद्याचं वेट सुधारलं की पुढच्या वेळी उघडल्यावर प्रत्येक शॉटमधला खांदा सुधारलेला. पंधरा-वीस शॉटच्या कामात हा फरक जीव वाचवतो. फक्त मूळ फाइलची जागा बदलली की पात्र गायब.

म्हणून नामाच्या मागं लागू नका, क्रियापदं नीट निवडा. रिगला 'रिग'च म्हणा. अपेंडला 'रिग उतरवून घेणे' आणि लिंकला 'रिग जोडून घेणे'. आपण वहीतनं गणित उतरवून घेतो, तसा अर्थ पोरांना लगेच लागतो. टेम्प्लेटला 'नमुना' चालेल.

प्रश्नकर्ता · राजारामपुरी
ताई, 'उतरवून' आणि 'जोडून' एकदम पसंत. मग ओव्हरराइडला काय लिहू? आणि असेट ब्राउजरला?

उत्तर · शाहूपुरी
असेट ब्राउजर, म्हणजे साठवलेल्या रिग वगैरे बघून उचलायची खिडकी, ब्लेंडर ३.०मध्ये, २०२१ साली आला. त्याला 'तयार मालाचं कपाट' वगैरे करू नका, पडद्यावर दिसतं तेच नाव राहू दे. ओव्हरराइडला अर्थ सांगायलाच हवा, कारण जोडून घेतलेल्या रिगला पोज देता येत नाही आणि पोरांना वाटतं फाइल बिघडली. ओव्हरराइड केलं की पोज आणि ॲनिमेशन त्या शॉटच्या फाइलमध्ये राहतं, बाकी सगळं मूळ फाइलमधून येत राहतं. 'शॉटपुरती मोकळी करणे' कसं वाटतं?

प्रश्नकर्ता · राजारामपुरी
भारी! टिपणात अशी ओळ घातली : 'मूळ फाइलमधली रिग जोडून घ्या, मग शॉटपुरती मोकळी करा.'

उत्तर · शाहूपुरी
तिच्याखाली आणखी एक घाला : 'शॉटचं काम सुरू झालं की मूळ फाइलमधल्या हाडांची नावं बदलू नका.' ॲनिमेशनच्या 'की', म्हणजे हालचालीच्या नोंदी, हाडाच्या नावावर बांधलेल्या असतात. मूळ फाइलमध्ये कुणी 'हात_डा'चं 'डावा_हात' केलं, की शॉटमधल्या त्या नोंदी जुनंच नाव शोधत बसतात आणि तो हात हलायचा थांबतो.