बी विंगची उजवी लाईन
(सोसायटी ग्रुप, परभणी)

बी-१०३ काकू: काल रात्री पुन्हा फ्यूज जाऊन लाईट गेली. ए विंगमधी लख्ख उजेड, डाव्या लाईनलापण उजेड, फक्त आम्हीच अंधारात. सासूबाईंना कूलरशिवाय झोप लागत नाही हे सगळ्यांना माहिताय. मागच्या मिटिंगला जे लई बोलले होते त्यांनी आता बोलावं.

बी-२०१ अण्णा: ३०२ चा एसी बंद करा. दुसरं काही नाही.

बी-३०२: अण्णा, एसी माझा, बिलपण माझं. तुमच्या कूलरचं पाणी माझ्या स्कूटीवर गळू लालंय, ते मी कधी ग्रुपवर टाकलं का?

सचिव: कृपया वैयक्तिक बोलू नये. तसेच काही सभासदांचा मेंटेनन्स बाकी आहे 🙏

बी-३०२: इथं मेंटेनन्स कामून आणता साहेब?

बी-४०१ गुरुजी: नमस्कार. भांडणाआधी भागाकार करू. दीड टनाचा एसी, १५०० वॅट धरा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १५०० भागिले २३०, साधारण साडेसहा. २००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो. थंडीत सकाळी उजव्या लाईनचे चारही गीझर सोबत चालतात, म्हणजे ३५ अँपिअर. तेव्हा फ्यूज टिकला. मग एकट्या एसीनं कसा जाईल?

बी-२०१ अण्णा: थंडीत एसी नव्हता. ३०२ चा एसी बंद करा.

ए-२०२ (इंजिनिअरिंग): काका, आपल्या अल्टरनेटिंग करंटच्या सप्लायला व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे सरळ वॅट नाही होत. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरा वॅटचा हिस्सा, धरावा लागतो. गीझर, इस्त्रीला तो १ च असतो, मोटारीला कमी.

बी-४०१ गुरुजी: बरोबर आहे बाळा. म्हणूनच मी साधारण म्हणालो. आपल्या टाकीच्या पंपाला ते लागू आहे, गीझरला नाही.

बी-१०३ काकू: गुरुजी, संध्याकाळी व्होल्टेज २०० वर येतं. मग इस्त्री जास्त करंट ओढते ना? बिल त्यामुळंच वाढलं म्हणतात.

बी-४०१ गुरुजी: नाही ताई. १००० वॅटच्या इस्त्रीला २३० वर ४.३५ अँपिअर लागतात. २३० भागिले ४.३५, रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, आला सुमारे ५३ ओहम. तो तारेचा गुण, व्होल्टेज उतरलं तरी जवळपास तेवढाच राहतो. २०० भागिले ५३, म्हणजे ३.८ अँपिअर. वॅट उरले साधारण ७५५. इस्त्री तापायला वेळ लागेल, एवढंच. इन्व्हर्टर एसीचं उलटं. त्याला ठरलेले वॅट हवेत, व्होल्टेज पडलं की तो करंट वाढवतो. १५०० भागिले २००, साडेसात.

बी-२०१ अण्णा: बघा! गुरुजीच म्हणाले. ३०२ चा एसी बंद करा.

बी-३०२: साडेसहाचे साडेसात झाले अण्णा. एक अँपिअर! तुमच्या नातवाचं व्हिडिओ गेम मोजू का आता?

ए-१०४: सुप्रभात 🌹 देवावर श्रद्धा ठेवा, सर्व ठीक होईल

बी-१०३ काकू: ताईसाहेब, तुमच्या विंगमधी लाईट आहे म्हणून.

ए-२०२ (इंजिनिअरिंग): माझ्याकडं मल्टीमीटर आहे. पेटी उघडून जोडाचे ओहम बघू का?

बी-४०१ गुरुजी: अजिबात नाही! चालू लाईनवर ओहमची रेंज लावायची नसते. मीटर जाईल, तूही जाशील. वायरमनलाच बोलवा. वॉचमन म्हणतो किटकॅटला (फ्यूजची तार बसवायच्या चिनीमातीच्या खाचेला) हात लावला तर चटका बसतो. मला तिथंच शंका आहे.

सचिव: वायरमन संध्याकाळी येईल. बघ्यांनी गर्दी करू नये.

बी-३०२: (फोटो) आलाय. सगळी गर्दी आपलीच आहे 😄

बी-४०१ गुरुजी: ऐका. टाँग टेस्टरनं (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) त्या लाईनवर २० अँपिअर दाखवले. अण्णांच्या आग्रहाखातर एसी चालू ठेवूनच मोजलं. किटकॅटच्या वरच्या आणि खालच्या टोकात ४ व्होल्टचा फरक निघाला. तिथं जवळपास शून्य यायला पाहिजे. ४ भागिले २०, म्हणजे ०.२ ओहम. आकडा किरकोळ दिसतो, पण ४ गुणिले २० करा. ८० वॅट! रेडिओ दुरुस्तीवाल्याची डागणी २५ वॅटची असते. अशा तीन डागण्या त्या चिमूटभर जागेत. बाजूच्या दोन लाईनच्या किटकॅट थंड आहेत.

बी-१०३ काकू: मग फ्यूज कामून जातो?

बी-४०१ गुरुजी: फ्यूजची तार करंटनं तापूनच वितळते. इथं किटकॅट आधीच तापलेली, त्यामुळं तार कमी करंटलाच जाते. आणि तापलं की पितळ काळं पडतं, पकड ढिली होते, रोध आणखी वाढतो. करंट दुप्पट झाला तर जोडावरची उष्णता चौपट होते, म्हणून रात्री जास्त जातं.

बी-३०२: म्हणजे एसीचा दोष नाही. लिहून द्या गुरुजी, मी फ्रेम करतो.

बी-२०१ अण्णा: रात्री करंट वाढवला कुणी? एसीनंच. ३०२ चा एसी

बी-३०२: वाक्य तरी पूर्ण करा अण्णा

बी-२०१ अण्णा: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

सचिव: किटकॅट बदलली. तिन्ही लाईनचे लग (वायरच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) काढून घासून घट्ट केले. आता फरक ०.१ व्होल्टच्या आत आहे. सामान व मजुरीचा खर्च सर्व सभासदांत समान विभागला जाईल.

ए-१०४: पेटी बी विंगची, ए विंगनं का द्यायचं?

बी-१०३ काकू: श्रद्धा ठेवा ताई 🌹

ए-३०१: मागच्या वर्षी आमच्या जिन्याच्या लाईटला बी विंगनं दिले होते का? नाही ना. मग?

सचिव: रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये मिटिंग. मेंटेनन्स सोबत आणावा.